भात शिजेपर्यंत

योगिताच्या पायाला भिंगरी आहे, हे मोखाड्याच्या पंचायत समितीत शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मात्र ही भिंगरी आभाळ भरून आल्याशिवाय फिरत नाही, हे कळायला लोकांना दोन वर्षं लागली. एरवी बाई घरकुलांच्या फायलींत मान घालून बसली की चहालाही उठायची नाही. पण ऑक्टोबर लागला आणि दुपारच्या डब्यानंतर त्र्यंबकच्या अंगाला डोंगरामागून फुलकोबीसारखा एक ढग वर यायला लागला, की तिचं पेन थांबायचं. मग टेबलाखाली पाय हलायला लागायचा. मग खिडकीशी एक फेरी, मग दुसरी. तिसऱ्या फेरीला शेजारच्या टेबलावरचा पंढरी न विचारता अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज तिच्यापुढे सरकवायचा. "सही तेवढी करा मॅडम, बाकी मी लिहिलंय," म्हणायचा.

ती विजांचे फोटो काढायची. ऐकणाऱ्याला हे आधी खरं वाटत नसे, मग हसू येई, आणि शेवटी हमखास एकच प्रश्न येई: भीती नाही वाटत? वाटायची की! भीती वाटायची म्हणून तर बाई अजून फायलींवर सह्या करायला शिल्लक होती. पहिल्या वर्षी, काही कळत नव्हतं तेव्हा, ती सूर्यमाळच्या उघड्या माळावर तिपाई रोवून, वर छत्री धरून उभी राहिली होती. तिच्यापासून शंभर पावलांवरच्या ऐनाच्या झाडावर वीज पडली आणि सोललेल्या उसासारखं ते झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पांढरं झालं. योगिता चिखलात बसली ती बराच वेळ उठलीच नाही. घरी गेल्यावर नवरा गौतम, जव्हारच्या शाळेतला मास्तर, एवढंच म्हणाला, "फोटो आला का?" फोटो आला नव्हता. तिने कानाला खडा लावला.

तेव्हापासून गाडीबाहेर पाय नाही. जुनी पांढरी व्हॅन, चारी बाजूंनी पत्र्याची. ती माथ्यावर नाही, माथ्याच्या जरा खाली लावायची, झाडापासून आणि तारांपासून लांब. काचा बंद. कॅमेरा आतून काचेला टेकवायचा आणि हलू नये म्हणून त्याच्याखाली नागलीचे दाणे भरलेली कापडी पिशवी ठेवायची. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक लहानशी डबी असे. वीज चमकली की ती आपणहून फोटो घ्यायची, कारण माणसाचं बोट काही तेवढं चपळ नसतं. चमक दिसली की मनात आकडे मोजायचे. तीसच्या आत गडगडाट आला तर उघड्यावरच्या माणसाने तत्काळ आत जायचं. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून पुरा अर्धा तास बाहेर पडायचं नाही, मग लख्ख ऊन का पडेना. सरून गेलेल्या ढगाची वीजच माणसं जास्त मारते, कारण तोवर माणसं निवांत बाहेर आलेली असतात. हे ती ऑफिसात, जीपमध्ये, बाजारात, भेटेल त्याला ऐकवायची. लोक मान हलवायचे आणि मोबाईल काढायचे.

तिची ठरलेली जागा सूर्यमाळच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या कातळाजवळ होती. तिथून पूर्वेला सगळी दरी मोकळी दिसायची, आणि पायथ्याशी सात घरांचा एक पाडा. पाड्याच्या कडेला खळं, खळ्याच्या कडेला मोहाचं जुनं झाड. ती पहिल्यांदा तिथे उतरली आणि "विजेसाठी आलेय" म्हणाली, तेव्हा कमू नावाच्या एका काटक बाईने तिला हाताला धरून सरळ खांबाखाली नेलं. "ही बघ बाय, तार हिथं लोंबते. आता नीट करूनच जा." फोटोची गोष्ट समजावून सांगितल्यावर कमू तिच्याकडे बघतच राहिली. "पगार देतात याचा?" तिने विचारलं. नाही म्हटल्यावर तिला योगिताची खरोखर दया आली आणि तिने तिला जेवायला बसवलं. अशी ओळख झाली. कमूच्या घराची घरकुलाची फाईल योगिताच्याच टेबलावरून गेली होती, हे दोघींना पुढे कळलं. नागलीची ती पिशवीही कमूनेच जुन्या लुगड्याची शिवून दिलेली.

अर्ध्या तासाचा नियम सांगितला तेव्हा कमूने पहिला प्रश्न विचारला तो हा: "अर्धा तास म्हंजे किती?"

"तीस मिनिटं, मावशी."

"ते कोण बघत बसल? भिकाचा मोबाईल चारजिंगला वरच्या घरी असतो." कमू जरा विचार करून म्हणाली, "येक भात."

"म्हणजे?"

"शेवटचं गडगडलं का टोप चुलीवर ठेवायचा. भात शिजून उतरला का भाईर."

योगिताने घड्याळ लावून पाहिलं. पहिल्यांदा एकतीस मिनिटं झाली, दुसऱ्यांदा लाकडं ओली होती म्हणून चौतीस. ती इतकी खूश झाली की परत जाताना गाडीत एकटीच हसत होती. कुठल्याच पुस्तकात नव्हता असा हा नियम.

पण माणसाचा स्वभाव असतो. रोज रोज भात कोण मांडून बसणार? त्यापेक्षा मान वर केली की कातळाजवळ पांढरी गाडी दिसतेच. पुढच्या हंगामापर्यंत सगळा पाडा वर बघायला शिकला. कमूचा नवरा भिका तिला म्हणालासुद्धा, "बाय, तू गाडीत बसलीस का आम्ही घरात. तू उतरलीस का आम्ही खळ्यावर. आमच्या मास्तरापेक्षा तुझीच घंटा बरी." योगिताला अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्यामुळे सात घरं सुखरूप राहतात म्हटल्यावर कुणालाही वाटेल. ती म्हणाली, "काका, मी उतरले म्हणजे अर्धा तास झाला असं बेशक समजा. त्याआधी मी पाय खाली ठेवायची नाही." शब्द दिला तिने. कुणी मागितला नव्हता.

त्याच वेळी तिने शाळेच्या पडवीत बायांना आणखी एक गोष्ट शिकवली. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही, त्याला हात लावता येतो. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोरजोराने दाबत राहायचं. दाखवायला कोण आडवं पडणार, म्हणून भिका स्वतः जीभ बाहेर काढून आडवा झाला. बाया पदराआडून हसून बेजार. "दाब गं, आजच संधी हाय!" कुणीतरी कमूला ओरडलं. कमूने इतकं जोरात दाबलं की भिका शिव्या देत उठून बसला.

हे सगळं मागच्या वर्षीचं. यंदा योगिताची पालघरला बदली झाली होती, दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं. समुद्रकाठच्या त्या सपाटीवर तिला कसली अशी दरी मिळणार? म्हणून या ऑक्टोबरात तिला बसवत नव्हतं, निजवत नव्हतं. चार वर्षांत तिने शेकडो विजा टिपल्या, पण मनातली एक राहिली होती. ढग निघून चाललाय, उतरतं ऊन त्याच्या अंगावर पडलंय, आणि त्याच्या कुशीतून एक वीज बाहेर पडून, ढगाला सोडून, कोरड्या उजळ हवेतून खाली उतरतेय. अशी वीज मैलोन्‌मैल लांब जाऊन पडते. तिच्यापासून सावध राहा, असं ती लोकांना सांगत फिरायची, आणि तिला हवी होती तीच. पंढरीचे रजेचे कागद संपत आले होते.

त्या मंगळवारी ढग दीड वाजताच इगतपुरीच्या बाजूने उठला. दोनला योगिता कातळाजवळ होती. खाली खळ्यावर मळणी चालली होती. मधल्या खांबाभोवती भिकाचे दोन बैल, खैऱ्या आणि चांद्या, नागलीच्या कणसांवरून गोल फिरत होते. मागे कमू आणि तिची सून सरू सुपं घेऊन वाकलेल्या. मुलगा मंगळू भिवंडीकडे कामाला गेला होता, त्यामुळे घरची माणसं एवढीच. पहिल्या गडगडाटाला योगिता गाडीत शिरली. खाली सरूने मान वर केली. लगेच सगळ्यांनी राशीवर ताडपत्री ओढली, बैल गोठ्यात नेले आणि दारं लागली. योगिताने हे पाहिलं आणि तिचा जीव निवांत झाला.

ढग मात्र दगा देणारा निघाला. तो अंगावर आलाच नाही. चार थेंब टाकून उत्तरेला सरकला आणि त्र्यंबकच्या दिशेने चालू लागला. शेवटचा गडगडाट योगिताने वहीत लिहिला: तीन बेचाळीस. ही तिची सवय होती. मग ती बसून राहिली. पाय हलत होता. बोटं स्टिअरिंगवर वाजत होती.

तीन पन्नासला मागून ऊन आलं आणि समोर तो ढग पेटला. खालपासून वरपर्यंत, पांढरा, पिवळा, कडेला जांभळा. आणि त्याच्या उजव्या कुशीत, अगदी कडेला, एक चमक. आवाज नाही. पुन्हा चमक. पुन्हा आवाज नाही. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते चित्र समोर मांडलं जात होतं आणि तिच्या बाजूच्या काचेवर आतून वाफ धरली होती. तिने बाहीने पुसली, ती पुन्हा धरली. बाहेरून थेंबांचे ओघळ. गाडी वळवावी तर मागे चिखल, आणि चाक रुतलं तर सगळंच गेलं. तिने घड्याळ पाहिलं. तीन त्रेपन्न. अकरा मिनिटं.

गडगडाट ऐकू येत नाही म्हणजे लांब आहे, ती स्वतःशी म्हणाली. ऊन पडलंय. दोनच मिनिटं.

तिने दार उघडलं, तिपाई कातळावर रोवली, कॅमेरा बसवला. हवेला ओल्या गवताचा वास होता. तिला पाड्याची आठवणसुद्धा झाली नाही. खोटं कशाला बोला, झाली होती, एकदा, पुसटशी. तिने ती बाजूला सारली, कारण तेवढ्यात ढगाच्या कुशीतून एक बारीक रेघ निघून अर्ध्यात विझली. आता पुढची पूर्ण खाली येणार, हे तिला पक्कं माहीत होतं. दोन मिनिटांची सहा झाली.

मग कॅमेऱ्यात चौकटीच्या तळाशी काहीतरी हललं. लहान लहान माणसं, दोन बैल, निळी ताडपत्री. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की वा, माणसांमुळे फोटो काय सुंदर होईल! हा विचार तिला पुढे जन्मभर छळणार होता. त्याच्या मागोमाग दुसरा आला. ही माणसं बाहेर का आलीत?

ती उभी होती म्हणून.

त्याच क्षणी डावीकडे लखलखलं. ती मोजायला लागली आणि नवावरच गडगडाट पोचला. नऊ म्हणजे इथून तीन किलोमीटर. कॅमेरा, तिपाई, सगळं तिथेच टाकून ती गाडीत घुसली, दार आपटलं आणि दोन्ही हातांनी हॉर्न दाबून धरला. वेड्यासारखा दाबून धरला. खाली कमूने वर पाहिलं. गाडीबाहेर बाई नाही हे तिला एका नजरेत कळलं असावं, कारण तिने सरूचा दंड धरला आणि दोघी घराकडे पळत सुटल्या. "काका, सोडा त्यांना! पळा!" योगिता बंद काचेआड ओरडत होती. पण भिका बैलांना बांधलेलं सोडून जाणारा माणूस नव्हता. मळणीला जुंपायच्या आधी त्याने ते मोहाला बांधले होते; तो तिथेच वाकून त्यांच्या मानेचे दोर सोडवत होता.

मग सगळं पांढरं झालं, आणि आवाज त्याच्या आतच होता.

पाड्यापर्यंतचा कच्चा रस्ता वळसा घेऊन जायचा. व्हॅन दगडांवर आपटत होती आणि योगिताच्या तोंडून नुसतं "नको, नको" येत होतं. खळ्यापाशी पोचली तेव्हा मोहाच्या बुंध्यावरून वाफ निघत होती. दोन्ही बैल एकाच कुशीवर पडले होते, पाय ताठ. शेजारपाजारचे लोक वीस पावलांवर गोळा होऊन ओरडत होते, "हात नको लावू! अंगात ईज हाय त्याच्या!" आणि कमू कुणाचंही न ऐकता भिकाच्या छातीवर दोन्ही तळहात ठेवून दाबत होती. केस सुटलेले, तोंडाने आकडे चाललेले. तिसापर्यंत जायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची. बाजूला सरू हात तयार ठेवून बसली होती, सासूचे हात दमले की घ्यायला. पडवीत शिकवलं होतं तसं, तंतोतंत.

योगिता गुडघ्यांवर बसली आणि तिने पाळी घेतली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी भिकाने एक खरखरीत श्वास ओढला, मग दुसरा. कमू मागे सरली आणि तिथेच मातीत बसून मोठ्याने रडायला लागली.

व्हॅनमध्ये घालून त्याला मोखाड्याला, तिथून जव्हारला नेलं. भिका वाचला. डावा कान गेला, उजव्या हाताची बोटं वळेनात, पण वाचला.

आणि मग सुरू झालं कौतुक. "मॅडमनी शिकवलं होतं म्हणून माणूस जगला," हे पंढरीने ऑफिसात इतक्यांना सांगितलं की शेवटी त्या गोष्टीत योगिता एकटीच डोंगर उतरून धावत आली होती. एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. साहेबांनी निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरवला. योगिता प्रत्येकाला म्हणायची, "नाही हो, कमूबाईंनी केलं सगळं," आणि लोकांना तो तिचा मोठेपणा वाटायचा. तिला तर तोंड लपवावंसं वाटत होतं. खिडकीशी फेऱ्या आता आभाळ निरभ्र असतानाही चालत. गौतमने दोनदा विचारलं, काय झालंय? तिने दोनदा सांगितलं, काही नाही.

कॅमेरा कातळावर तसाच राहिला होता; दुसऱ्या दिवशी एका जीपवाल्याने आणून दिला. त्यातलं कार्ड तिने चौथ्या दिवशी पाहिलं. डोक्यावरच्या त्या डबीने आपलं काम चोख केलं होतं. फोटो होता. पेटलेला ढग, त्याच्यापासून लांब उजळ हवेतून उतरलेली वीज, मोहाच्या शेंड्यावर तिचं टोक. खाली वाकलेला भिका, उभे दोन बैल, घराकडे पळणाऱ्या दोन बायका. एवढा चांगला फोटो तिने आयुष्यात काढला नव्हता, आणि तो काढताना ती गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. कोपऱ्यात वेळ उमटली होती: चार वाजून एक. तिने वही काढून शेजारी ठेवली. तीन बेचाळीस. ही वजाबाकी करायला पहिलीतलं पोरही पुरलं असतं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती पाड्यावर गेली. रजेचा अर्ज तिने स्वतः लिहिला. आभाळ भरलं होतं, पण तिने आज कॅमेरा घेतला नव्हता. गाडी पहिल्यांदाच कातळाजवळ न थांबता थेट कमूच्या दारात उभी राहिली. भिका ओट्यावर बसला होता. तिला बघून त्याचा चेहरा फुलला. "ये बाय! आता तूच जोरात बोल, येकच कान राह्यलाय." त्याने डाव्या हाताने तिचा हात धरून ठेवला. खळ्याकडे तिने मुद्दाम पाहिलं नाही.

कमू आत चुलीशी होती. योगिता तिच्या शेजारी जमिनीवर बसली. घरून येताना तिने वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"मावशी, त्या दिवशी अर्धा तास झाला नव्हता. अकराच मिनिटं झाली होती. मी फोटोसाठी उतरले."

कमू लाकूड पुढे सारत म्हणाली, "ठाव हाय मला."

"तुम्हाला कसं?"

"भात चुलीवर होता. तू वर दिसतेस तरी मी टोप ठेवतेच, सवय लागली. सरू म्हणाली, आत्या, बाय उतरली. मी झाकण काढून पाह्यलं. नुसतं पाणी उकळत होतं, दाणा तसाच."

योगिताला पुढचं विचारायचं नव्हतं. तरी विचारल्यावाचून राहवेना. "मग बाहेर का आलात?"

कमूने तिच्याकडे पाहिलं. "म्हटलं, भाताला काय कळतं? बायला कळतं."

योगिताने पदर तोंडाला लावला. कमूने तिला उगी म्हटलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. चुलीतलं लाकूड सारखं करत ती म्हणाली, "मला राग हाय तुझा. भिका उठला त्या दिवशी राग नव्हता. बैल वढून नेले तवा आला. तू शिकवलंस म्हणून माझा माणूस हाय, आन तू उतरलीस म्हणून त्याचा हात गेला. मी दोन्ही कसं धरू, सांग."

योगिताने पिशवीतून फोटो काढला. आणावा की नाही हे ती दाराशी येईपर्यंत ठरवू शकली नव्हती. "हा त्या वेळचा. मी कुणाला दाखवलेला नाही. तुम्ही सांगाल तर चुलीत घालते."

कमूने फोटो दाराच्या उजेडात धरला. वीज तिने पाहिलीच नाही. अंगठा खालच्या कडेवर फिरत राहिला. "हा खैऱ्या. हा चांद्या. चांद्याचं शिंग बघ, कसं वाकडं." बराच वेळ ती बघत होती. "उभे हायत यात," ती म्हणाली. "हा राहू दे माझ्याकडं. बैलांचा दुसरा फोटो नाय आमच्याकडं."

तिने तो फळीवरच्या डब्याला टेकवून नीट उभा करून ठेवला.

बाहेर लांबवर गडगडलं. योगिताचे ओठ सवयीने आकडे मोजायला हलले. सरू ओट्यावरून भिकाला आत घेऊन आली आणि दार लोटलं. त्यानंतर दोनदा गडगडलं, दुसऱ्यांदा अगदी बारीक, आणि मग थांबलं. सरूने टोपात तांदूळ धुतले, पाणी घातलं, चुलीवर ठेवलं. वर कातळाकडे कुणी पाहिलं नाही. तिथे बघण्यासारखं आता काही नव्हतं. शेजारच्या घरातूनही भांड्याचा आवाज आला, मग पलीकडच्या.

फटीतून ऊन आत आलं. योगिताचा पाय हलायला लागला. गाडी दारातच होती, दहा पावलांवर. मोखाड्याला साहेबांची सही घ्यायची राहिली होती, कपाटाच्या किल्ल्या द्यायच्या राहिल्या होत्या, आणि या घरात आणखी एक क्षण बसणं तिला सोसत नव्हतं. ती उठली.

"मावशी, निघते मी. लांब गेलाय तो."

कमूने झाकण उचललं. वाफेतून एक दाणा चमच्यावर घेतला, दोन बोटांत दाबून पाहिला आणि झाकण परत ठेवलं.

"कच्चा हाय," ती म्हणाली. "बस."